जात्याचा खुंटा आणि ओवीचा घाट

लोकसाहित्याची लक्षणे सांगताना मौखिकता, अनामिकता, परंपरा आणि पाठभेद ही चार नावे अभ्यासक्रमात हमखास येतात. परीक्षेसाठी ती मीही पाठ केली होती. पण त्यांचा अर्थ उलगडला तो मावळातल्या आत्याच्या ओव्या टिपून घ्यायला बसलो तेव्हा. खुर्चीत बसलेल्या आत्याला दोन ओळींपुढे काही आठवेना. शेवटी तीच म्हणाली, "हात मोकळा असला की गळा लागत न्हाई रं." माळ्यावरचे जाते खाली उतरवले, मूठभर जोंधळे वैरले आणि खुंटा हातात आल्यावर तासभर ती थांबलीच नाही.

ओवी जात्यावर म्हटली जाते हे आपण सहज बोलून जातो, पण ती जात्यामुळेच तशी घडली आहे हे सहसा ध्यानात घेत नाही. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढतात, एकीचा हात पुढे जातो तेव्हा दुसरीचा मागे येतो, आणि पहिलीने उचललेली ओळ दुसरी अर्ध्यावर झेलते. जात्याच्या तोंडात घास टाकण्यासाठी एक हात सुटतो, त्या वेळी 'गं बाई', 'सांगते तुला', 'सये' असे शब्द ओळ तोलून धरतात. छापताना संपादक हेच शब्द भरतीचे म्हणून गाळतो आणि पुस्तकात उरतात यमकाने जुळलेल्या दोन गुळगुळीत ओळी. माझ्या मते ही संपादकाची सर्वांत मोठी चूक आहे, कारण दळणारीचा श्वास त्या भरतीतच असतो. आत्या ज्याला 'गळा' म्हणाली ती चाल तर कागदावर उतरतच नाही.

ही परंपरा किती जुनी आहे, याचा एक लेखी पुरावा हाताशी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातील संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. तिथे कांडण आहे, दळण नाही. म्हणजे उखळ-मुसळाच्या ठेक्यावरही ओवी बसत होती, आणि हे ज्ञानेश्वरीच्या आधीचे आहे.

अनामिकतेविषयी मात्र माझे मत बदलले. ओवीला कर्ती नसते असे नाही. कर्ती असते, पण ती आपले नाव सोडून देते. भावाच्या ओवीत आत्या माझ्या वडिलांचे नाव घालत असे, शेजारीण त्याच ओवीत आपल्या भावाचे घाली, आणि लेक सासरी गेली की तिच्यासोबत ती ओवी तिसऱ्या गावाला जाई, तिथे नदीचे नाव बदले, देव बदले. पाठभेद म्हणतात तो हाच. "ही कुणाची?" असे विचारल्यावर आत्याचे उत्तर ठरलेले असे, "आईची." आईला विचारले असते तर तिनेही तेच सांगितले असते.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. अनेक ओव्यांत जात्यालाच 'इसवर' म्हटलेले आढळते. सासरी जे कुणाजवळ बोलता येत नसे, ते पहाटेच्या अंधारात या दगडाजवळ बोलता येई. घरघरीत आवाज मिसळून जात असल्याने पलीकडे निजलेल्या सासूला सगळे शब्द कळत नसावेत, असा माझा तर्क आहे. आत्या यावर नुसती हसली होती.

पिठाची गिरणी गावात आली आणि रोजचे दळण गेले, तसा ओवीचा रोजचा प्रसंगही गेला. लग्नातल्या हळदीला जाते अजून निघते. गेल्या वर्षी चुलत पुतणीच्या हळदीला पाच सुवासिनींनी खुंट्याला हात लावला, आत्याने 'पहिली माझी ओवी' म्हणून आवाज लावला, आणि दुसऱ्या ओळीत नवरीचे नाव येण्याआधीच छायाचित्र काढून झाले म्हणून सगळ्यांनी हात काढून घेतले. जाते थांबले. आत्याने एकटीने अर्धा फेरा ओढून नाव तेवढे घेतले.