बारा किलोंचं पोर आणि आईची किडनी

ट्रान्सप्लांटच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात गेले की प्रश्न ठरलेला: "मॅडम, एवढ्याशा जिवाला भूल झेपेल ना?" आई स्वतःच किडनी देणार असते, त्यामुळे बहुतेक वेळा आजीच विचारते. भूल मीच देणार असते, पण मला भुलीपेक्षा पाण्याची चिंता जास्त.

डायलिसिसवरच्या पोराला पाणी मोजून मिळतं. कुणी चोरून अर्धी वाटी ताक पाजलं तरी घरात महाभारत. ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही नेमकं उलटं करतो. बारा किलोंच्या मुलात रक्त जेमतेम लिटरभर. आईच्या किडनीला मिनिटाला अर्धा लिटर रक्ताची सवय. शिवाय जोडल्याबरोबर ती स्वतःच दीड-दोनशे मिली भरून घेते. एवढ्या लहान पोटात ती बरेचदा थेट महाधमनीला आणि महाशिरेलाच जोडावी लागते.

म्हणून क्लॅम्प, म्हणजे जोडणी करताना रक्तवाहिन्यांना लावलेले चिमटे, सुटायच्या आधी सलाईन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), लागलं तर रक्त देऊन पोराला भरून ठेवायचं. औषधांचं तितकं अवघड नाही. अ‍ॅट्राक्युरियम हे स्नायू सैल करणारं औषध किडनीची वाट न बघता रक्तातच आपोआप मोडून निष्प्रभ होतं. फिश्च्युलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर-धमनी जोडलेल्या, हाताला मात्र कुणी बीपीचा पट्टा बांधला तर मी ओरडते.

"सोडतोय," सर्जन म्हणतात. बर्फातून आलेली किडनी, तिच्यातलं उरलंसुरलं पोटॅशियम, क्लॅम्पमुळे इतका वेळ उपाशी राहिलेल्या पायांतलं आम्ल, सगळं एकदम हृदयाकडे येतं. माझी नजर ईसीजीच्या टी लाटेवर (पोटॅशियम वाढलं की ती टोकदार होते), हाताशी कॅल्शियमची सिरिंज. दाब पडला की नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवायचा मोह होतो, पण त्याने नव्या किडनीच्याच नसा आवळल्या जाऊ शकतात. मी आधी व्हॉल्यूम, म्हणजे सलाईन वगैरे, देते. सरासरी दाब सत्तरच्या आसपास हवा. पोराच्या मानाने जास्तच, पण किडनी मोठ्या माणसाची आहे. राखाडी गोळा गुलाबी होतो, मूत्रनलिकेच्या टोकातून थेंब उडतो, आणि मग जेवढी लघवी तेवढं पाणी परत, तासातासाला हिशेब.

पुढे वॉर्डात पोराने दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी प्यायचं असतं. एवढं कोण पिणार? नाकातल्या नळीतून घालावं लागतं. आजीच्या ते पचनी पडत नाही. "सुजेल हो पोरगं!" म्हणत ती तांब्या पलंगाखाली सरकवते. मी तिला लघवीची भरलेली पिशवी दाखवते.