दसऱ्याच्या सुट्टीतले सिनेमे आणि माझे मार्क

खानापूर (जि. बेळगाव), रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

यंदाची दसऱ्याची सुट्टी नावालाच. निम्मे दिवस आम्हा शिक्षकांवर टाकलेल्या सरकारी सर्वेक्षणाची पिशवी खांद्याला लावून दारोदार फिरण्यात गेले, पोटऱ्या अजून ठणकतायत. कोल्हापूरच्या बहिणीचा फोन आला, तिचं नेहमीचंच: तुमची मोठी सुट्टी दसऱ्याला, आमची दिवाळीला, मग भेटायचं कधी? तरी वेळ काढून चार सिनेमे बघितले. दरवेळी वहीत दोन ओळी आणि दहापैकी मार्क लिहून ठेवते, तसे आज एकदमच लिहून काढते.

पहिला 'दशावतार'. बेळगावला खरेदीला गेलो होतो, तिथंच थिएटरात बघितला. दिलीप प्रभावळकरांचं वय ८१. त्या वयात हा माणूस रात्रभर दशावतार खेळणारा बाबुली मेस्त्री होतो, तोंडाला रंग लावतो, अंगात बळ आणतो, आणि आपण खुर्चीत बसून त्याच्या गुडघ्यांची काळजी करत राहतो. आंबोली उतरलं की सिंधुदुर्ग, म्हणून आमच्याकडच्यांना मालवणी कानाला नवी नाही. थिएटरात पुढच्या रांगेतल्या बायका वाक्य संपायच्या आधीच हसत होत्या. खाणीचा विषय चांगला धरलाय. उत्तरार्धात मात्र सूडाचा भाग फार लांबला, तिथं माझं मन सुटलं. बाप मुलगा एकत्र असताना जे साधलंय ते पुढं सगळीकडं साधत नाही. १० पैकी ८, त्यातले ६ एकट्या प्रभावळकरांचे.

'कांतारा चॅप्टर १' दसऱ्यादिवशीच, २ ऑक्टोबरला लागला. मुलाला पहिल्या आठवड्यातच बघायचा होता, म्हणून गेलो. थिएटर खच्चून भरलेलं. २०२२ चा पहिला 'कांतारा' मला फार आवडला होता. भूतकोलाच्या, म्हणजे अंगात दैवत येऊन नाचण्याच्या, शेवटच्या प्रसंगात तर अंगावर काटा आला होता. या वेळी गोष्ट मागं, कदंबांच्या काळात नेलीय. कदंब म्हटलं की आम्हाला आपली हलशी आठवते. आमच्या तालुक्यातलं हे गाव म्हणजे त्यांची पलाशिका, दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात मी दरवर्षी मुलांची सहल नेते. म्हणून मोठ्या आशेनं बसले होते. पडद्यावर जंगल, राजवाडा, लढाया सगळं भव्य आहे, पण आवाज इतका की घरी येऊन तासभर कान वाजत होते. पहिल्या भागातला गावचा माणूस, त्याचं जेवणखाण, त्याचं भांडण यात कुठं सापडलं नाही. ६. मुलाचे १०, तो वेगळाच हिशेब.

'तिथि' घरीच बघितला. मंड्याकडची कानडी निम्मी डोक्यावरून गेली, तरी एक मिनिट डोळा हलला नाही. एकशे एक वर्षांचा म्हातारा जातो आणि अकराव्याच्या जेवणापर्यंत त्याच्या तीन पिढ्यांचं काय काय होतं, एवढीच गोष्ट. काम करणारे बहुतेक गावातलेच लोक, नट नव्हेत. तो गड्डप्पा चालतो कसा, बसतो कसा, विडी ओढतो कसा, हे शिकवून येत नाही. ८.

आता चौथा. त्याच्यासाठीच खरं तर वही काढलीय.

आमच्या शाळेतल्या कानडीच्या बाई गेल्या रविवारी घरी आल्या होत्या. बैलहोंगलच्या. मराठी शाळेत कानडी विषय शिकवायला येऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली. मला त्या अक्का म्हणतात. चहा झाला, भडंग झाली, आणि त्या म्हणाल्या, "अक्का, एक पिक्चर दावतो तुम्हाला, शाळेचाच हाय." त्यांनी लावला तो 'सरकारी हिरिय प्राथमिक शाले, कासरगोडु'. २०१८ चा, ऋषभ शेट्टींनी दिग्दर्शित केलेला. उत्तम बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यातली कानडी किनाऱ्याकडची, पुस्तकातल्यासारखी स्वच्छ. बाईंच्या बैलहोंगलच्या रांगड्या कानडीला सवयलेल्या माझ्या कानाला ती उलट सोपी गेली. अडलं तिथं बाई सांगत होत्या.

गोष्ट केरळातल्या कासरगोडची. तिथं कानडी बोलणारे लोक आहेत, त्यांची कानडी माध्यमाची सरकारी शाळा आहे. शिकवायला मल्याळी मास्तर येतो, त्याला कानडी येत नाही, पोरांना त्याचं मल्याळम कळत नाही. मग शाळा बंद करायचा घाट घातला जातो आणि पोरं थेट म्हैसूरला जाऊन मदतीला एका माणसाला शोधून आणतात, ते काम अनंत नागांचं. पुढं कोर्ट.

मी वीस मिनिटांत गप्प झाले. कानडी लोकांचा सिनेमा, कानडी भाषेसाठी तळमळून केलेला, आणि पडद्यावर मला आमचीच शाळा दिसत होती. आमच्या पहिलीत यंदा सात मुलं आहेत. वरून येणारं परिपत्रक कानडीत असतं. मी कानडी वाचायला शिकले ती बसच्या पाट्यांवरून, चाळिशी ओलांडल्यावर. अजूनही मोठं परिपत्रक आलं की बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहते आणि त्या बोट ठेवून ओळ न ओळ सांगतात. पालक विचारतात, मराठीत शिकून पोरगं पुढं कुठं जाणार? तेच वाक्य त्या सिनेमात, फक्त भाषा दुसरी.

आमच्या घरात सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचं नाव निघालं की अण्णांचा आवाज चढायचा. १९६७ च्या त्या अहवालात बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवा म्हटलंय, २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलंय, हे मला तिसरीत असल्यापासून पाठ आहे. त्याच अहवालात चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा कासरगोडचा भाग म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, द्या असंही लिहिलंय, हे मात्र आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. १९५६ पर्यंत तो भाग मद्रास राज्याच्या दक्षिण कानडा जिल्ह्यात होता, १ नोव्हेंबरला केरळात गेला. आमचंही तेच साल, तीच तारीख. महाराष्ट्रानं अहवाल मानला नाही तो बेळगावसाठी, केरळनं मानला नाही तो कासरगोडसाठी. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनाही अहवालाची एकच बाजू ठाऊक होती, कासरगोडची. दोघी जरा वेळ तशाच बसून राहिलो.

सिनेमातला एक प्रसंग मात्र बाईंनी मध्येच थांबवला. मल्याळी मास्तर वर्गात उभा आहे, बोलतोय, आणि पोरं नुसती बघतायत. रिमोट हातात धरून बाई म्हणाल्या, "अक्का, ह्यो मास्तर म्हंजे मीच की."

मी कासरगोडच्या पोरांमध्ये मला शोधत होते, आणि या शेजारी बसून स्वतःला त्या मास्तरात बघत होत्या. मग त्यांनी त्यांचा पहिला दिवस सांगितला. इतकी वर्षं एका खोलीत डबा खाल्ला, पण हे कधी बोलल्या नव्हत्या. वर्गात पाय ठेवला तशी पोरं उठून एका सुरात ओरडली, "बाई, बाई!" कानडी शाळेत पोरं अक्कोरु म्हणतात. आणि कानडीत बायी म्हणजे तोंड. यांना वाटलं तोंडाला काहीतरी लागलंय, म्हणून पदरानं दोनदा पुसलं. पोरं आणखी ओरडायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू आणून टेबलावर मांडली. लिंबू दाखवून म्हणाल्या, निंबेहण्णु. पोरं म्हणाली, लिंबू. वांगं दाखवून बदनीकाय. मग डब्यातलं तूप. त्या म्हणाल्या तुप्पा, पोरं म्हणाली तूप, आणि सगळा वर्ग हसला, त्याही हसल्या. "त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो न्हाई," म्हणाल्या. म्हणजे आदल्या दिवशी रडल्या होत्या.

त्यांना मराठी आमच्या पोरांनी शिकवली. आज त्या आमच्या पोरांची कानडी करून घेतात, आणि शाळेच्या पटासाठी माझ्याबरोबर वाडीवाडीवर फिरतात. आपल्या गल्लीतल्या आयांना मराठीत सांगतात, पोराला आईच्या भाषेत शिकू दे, कानडी मी शिकवतो की. राज्यघटनेत कलम ३५०-अ आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं सांगणारं. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं. मी सभेत ते कलम वाचून दाखवते. पण बाईंच्या त्या एका वाक्याला जितक्या आया थांबतात तितक्या माझ्या कलमाला थांबत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अनंत नागांबद्दल लिहायचं राहिलंच. हा माणूस तरुणपणी मुंबईत मराठी रंगभूमीवर काम केलेला. कोर्टातलं त्यांचं बोलणं ऐकताना ती बैठक जाणवते. एक शब्द वाया नाही, आवाज चढवायचा कुठं आणि सोडायचा कुठं ते पक्कं. कोर्टाचा भाग नाटकी आहे, हे खरं. पण माझे डोळे भरून आले, तेही खरं.

मी लगेच ९ लिहिले. बाईंना विचारलं तर म्हणाल्या सात. मी म्हटलं, तुमच्या भाषेचा सिनेमा आणि सात? तर म्हणाल्या, "मास्तराला नुसतं हसायला ठेवलंय. त्यो पण कुठनं तरी बदली होऊन आलाय की. त्याचं घर कुठं, जेवला काय, कुणी इचारलं न्हाई."

मला हे सुचलंच नव्हतं. आमचा सीमाभागावर सिनेमा व्हावा, मराठी शाळेवर व्हावा, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आलेय. गेल्या रविवारपासून मनात एकच घोळतंय: त्यात आमच्या या बाई असल्या पाहिजेत. पदरानं तोंड पुसणाऱ्या. तूप आणि तुप्पावर हसणाऱ्या.

माझे ९ मी खोडले नाहीत. शेजारी त्यांचे ७ लिहून घेतले.

पुढच्या रविवारी माझी पाळी. त्यांना १९८२ चा 'उंबरठा' दाखवायचा ठरवलाय. गिरीश कार्नाड त्यांच्या धारवाडचे, स्मिता पाटील आमच्या, असं म्हणून भडंगेबरोबर कुंदाही आणायला सांगितलाय त्यांनी. शाळा १८ तारखेपर्यंत बंद आहे, त्यानंतर पुन्हा वाडीवर जायचंय. त्या वाडीतल्या एका घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तिच्या आईनं अजून काही ठरवलेलं नाही.