तुम्ही विचारलंत म्हणून: ती दोघे पळून का गेली नाहीत?

'एन्नु निन्टे मोईदीन' हा मल्याळम चित्रपट मी आजवर दहा-बारा जणांना तरी शेजारी बसवून दाखवला असेल. त्यांत नात्यातली माणसे होती, कचेरीतल्या मैत्रिणी होत्या, आमच्या इमारतीतले एक निवृत्त मास्तरही होते. चित्रपट संपला की थोडा वेळ कुणी बोलत नाही, आणि मग डोळे पुसत जवळजवळ प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो, "पण मग ती दोघं पळून का नाही गेली?" परवा माझ्या भाचीनेही तेच विचारले, आणि तिच्या स्वरात राग होता. एकमेकांवर इतका जीव असलेली दोन सज्ञान माणसे एका रात्री गाव सोडून जाऊ शकत नाहीत, हे तिला पटत नव्हते. याचे दोन वाक्यांत देता येईल असे उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून ते सविस्तर लिहून काढते आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी कथा सांगते. 19 सप्टेंबर 2015 रोजी प्रदर्शित झालेला आर. एस. विमल यांचा हा चित्रपट एका खऱ्या प्रेमकथेवर बेतलेला आहे. कोळिकोडपासून तीसेक किलोमीटरवर, इरुवंजी नदीच्या काठी मुक्कम नावाचे गाव आहे. तिथल्या एका प्रतिष्ठित मुस्लिम घरातला मोईदीन आणि तितक्याच प्रतिष्ठित हिंदू घरातली कांचनमाला ही दोघे एकमेकांना लहानपणापासून ओळखत होती, कारण त्यांच्या वडिलांची मैत्री होती. प्रेम उघडकीला आले तेव्हा कांचनमालेचे शिक्षण अर्ध्यावर थांबवले गेले आणि तिला घरात डांबून ठेवले गेले, तेही महिना-दोन महिने नव्हे, तर कित्येक वर्षे. त्या काळात दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तरी वाचता येऊ नयेत म्हणून स्वतःची वेगळी लिपी तयार केली. 15 जुलै 1982 रोजी पावसाळ्याने फुगलेल्या इरुवंजीत होडी उलटली. मोईदीन बुडणाऱ्यांना वाचवत राहिला आणि त्यातच स्वतः गेला. पडद्यावर मोईदीन झाला आहे पृथ्वीराज आणि कांचनमाला झाली आहे पार्वती तिरुवोत्तु. मराठी पत्राच्या शेवटी आपण 'कळावे, तुझा' असे लिहून सही करतो, तशीच पत्राखालची सही म्हणजे या चित्रपटाचे नाव आहे.

आता प्रश्नाकडे येते. पहिले कारण चित्रपटातच आहे, पण पाहणाऱ्याचे लक्ष प्रेमिकांकडे लागलेले असल्यामुळे ते निसटून जाते. कांचनमालेच्या पाठच्या बहिणींची लग्ने व्हायची होती. थोरली मुलगी परधर्मातल्या माणसाबरोबर निघून गेली, एवढे एक वाक्य त्या घराला चिकटले असते, तर त्या मुलींना मागणी घालायला उंबऱ्याशी कोण आले असते? हे समजायला आपल्याला केरळात जावे लागत नाही. आपल्याकडेही 'धाकट्या बहिणींचा तरी विचार कर' हे वाक्य किती घरांत, किती मुलींना ऐकवले गेले आहे, हे वाचणाऱ्या स्त्रियांना ठाऊक आहे. हे वाक्य फार क्रूर आहे, कारण ते खोटे नसते. समाज खरोखरच एका मुलीच्या निर्णयाची किंमत दुसऱ्या मुलीकडून वसूल करतो. कांचनमालेला स्वतःचे काय होईल याची भीती होती असे मला एका क्षणासाठीही वाटत नाही. जिला वर्षानुवर्षे कोंडून ठेवूनही जी मागे फिरली नाही, तिला आणखी कसली भीती घालणार? पण आपल्या सुखाचे बिल बहिणींच्या नावावर फाडणे तिला मान्य नव्हते.

दुसरे कारण मोईदीनच्या बाजूचे आहे. त्याचे वडील गावातले वजनदार गृहस्थ होते आणि या प्रेमाला त्यांचा इतका विरोध होता की त्यांनी पोटच्या मुलावर सुरा चालवला. मोईदीन वाचला. पुढे न्यायालयात उभा राहिल्यावर मात्र त्याने वडिलांवर आरोप केला नाही आणि त्यांना सोडवले. हा प्रसंग मी प्रत्येक वेळी श्वास रोखून पाहते. ज्या माणसाला भोसकणाऱ्या बापाशीही नाते तोडायचे नव्हते, त्याला आपल्या गावाशी, आपल्या नदीशी नाते तोडून कुठल्या अनोळखी शहरात भाड्याच्या खोलीत राहा, असे सांगण्यात काय अर्थ होता? त्या दोघांना फक्त एकमेकांचे व्हायचे नव्हते, तर मुक्कममध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकमेकांचे व्हायचे होते. जाण्याचे बेत शेवटी शेवटी झालेही, पण तोवर नदीचा दिवस जवळ आला होता.

"कायदा होता ना?" असे भाचीने विचारले. होता. विशेष विवाह कायदा 1954 सालचा आहे आणि त्यात धर्म न बदलता लग्न करता येते. पण त्याची वाट कशी आहे ते पाहा. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेले असावे लागते, विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि हरकती येण्यासाठी तीस दिवस थांबावे लागते. त्यातही, एखादा पक्ष मूळचा दुसऱ्या जिल्ह्याचा असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. म्हणजे ही दोघे पळून कितीही लांब गेली असती, तरी त्यांच्या लग्नाचा कागद आधी कोळिकोडच्या भिंतीवर लागला असता. धर्म बदलला असता तर हा महिना टळला असता, पण मोईदीनच्या घरी राहायला गेल्यावरही कांचनमाला कांचनमालाच राहिली, यावरून तिने ती वाट का घेतली नसावी याचा अंदाज करता येतो.

अशा नोटिशी लावतात तो फलक मी जवळून पाहिलेला आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या अशाच आंतरधर्मीय लग्नात मी साक्षीदार होते. या कायद्याखाली तीन साक्षीदार लागतात, त्यांतली तिसरी मी. जिल्ह्याच्या त्या कार्यालयात जिन्याखाली काचेचे दार असलेला एक उथळ लाकडी फलक होता, त्याला छोटे कुलूप होते, आणि आत टाचण्यांनी लावलेल्या कागदांवर मुलींची पूर्ण नावे, वये आणि घरचे पत्ते स्वच्छ वाचता येत होते. पाचव्या दिवशी त्या काचेचा फोटो तिच्या काकांच्या फोनवर पोहोचला होता. उरलेले पंचवीस दिवस ती माझ्याकडे राहिली आणि रात्री दाराची कडी दोनदा तपासून झोपत असे. तिचे लग्न झाले, संसार चांगला चालला आहे. पण आपल्या पाठीवर बहीण नव्हती म्हणून आपण हे करू शकलो, असे ती स्वतःच सांगते.

पळून जाणाऱ्यांचे पुढे काय होते, हे पाहायचे असेल तर 2016 चा 'किस्मत' पाहावा. शानवास बावकुट्टी यांचा हा चित्रपट पोन्नानीतल्या एका खऱ्या घटनेवर आधारलेला आहे. तेवीस वर्षांचा मुस्लिम मुलगा आणि त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी दलित हिंदू मुलगी संरक्षण मागायला पोलीस ठाण्यात येतात, आणि चित्रपटाचा बराचसा भाग त्या ठाण्याच्या चार भिंतींतच घडतो. घर सोडले की बाहेर मोकळे जग असते, हे आपण गृहीत धरतो. या दोघांना घर सोडल्यावर लाकडी बाक, वायरलेसचा आवाज आणि बोलावून आणलेले नातेवाईक भेटतात. भाचीला मी आता हा चित्रपट आधी दाखवणार आहे.

राहिले ते वाट पाहणे. 'एन्नु निन्टे मोईदीन'मधले श्रेया घोषाल यांनी गायलेले 'कात्तिरुन्नु कात्तिरुन्नु' हे गाणे तुम्ही ऐकले असेल. त्याच्यासाठी संगीतकार एम. जयचंद्रन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या मल्याळम क्रियापदात 'वाट पाहणे' आणि 'बसणे' ही दोन्ही एकत्र आहेत, अगदी आपल्या 'वाट पाहत बसले'सारखी. मात्र कांचनमाला नुसती बसलेली नव्हती. लिपी शोधणे, पत्र बाहेर पाठवण्याचा मार्ग शोधणे, घरच्यांनी आणलेले प्रत्येक स्थळ नाकारणे, आणि हे वर्षानुवर्षे करत राहणे, याला मी बसणे म्हणणार नाही. पार्वतीने हे फार समजून केले आहे. तिचा चेहरा वर्षांगणिक शांत होत जातो, पण मऊ होत नाही. त्या वर्षीचा केरळ राज्याचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला याच चित्रपटासाठी आणि 'चार्ली'साठी मिळाला.

एका बाबतीत मात्र माझे या चित्रपटाशी भांडण आहे. पावसाची आणि नदीची ती देखणी दृश्ये पाहताना तिचे कोंडून राहणेही सुंदर वाटू लागते, आणि तसे वाटता कामा नये. मुलीला खोलीत डांबणे हा गुन्हा आहे, मग बाहेर कितीही सुरेख पाऊस पडत असो. शिवाय नावापासूनच हा चित्रपट मोईदीनचा झाला आहे. चित्रपटातल्या चित्रणाबद्दल स्वतः कांचनमाला यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती, आणि ती मला रास्त वाटते. विमल यांनी यापूर्वी त्यांच्यावरच एक माहितीपट केला होता, त्याच्या मल्याळम नावाचा अर्थ 'पाण्याने जखमी केलेली' असा होतो. कथा खरी कुणाची आहे हे त्या नावात अधिक नेमके उतरले होते.

कारण 1982 नंतरची कथा पूर्णपणे तिची आहे. मोईदीन गेल्यावर तिने जीव देण्याचे प्रयत्न केले. मग मोईदीनची आई पुढे झाली आणि तिला सून म्हणून आपल्या घरी घेऊन गेली. ज्या घरातल्या बापाने या प्रेमापायी मुलावर सुरा चालवला होता, त्याच घरात कांचनमाला अविवाहित असूनही मोईदीनची विधवा म्हणून राहू लागली, आणि त्याच्या नावाने सेवा मंदिर चालवून तिने अडलेल्या बायकांना आधार दिला. तेव्हा भाचीला माझे सांगणे एवढेच आहे की कांचनमाला त्या घरातून शेवटी निघाली. रात्री, मागच्या दाराने निघाली नाही. सासू न्यायला आली होती, आणि गाव तेच होते.