पक्केच्या जंगलात, न्यिशींच्या घरी

अरुणाचलातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पात जायचं तर आधी महिना ठरवावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, पायवाटा चांगल्या असतात, शिवाय जानेवारीत धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याच्या नावाने 'पक्के पागा' हा उत्सव भरतो. पण महाधनेशाची मादी ढोलीत जाऊन बसते ती मार्चच्या मध्याच्या सुमारास. मला घरटं बघायचं होतं, म्हणून ताईने आणि मी एप्रिल निवडला आणि त्याबरोबर पाऊस, जळवा नि दमट उकाडा पत्करला.

आम्हा बडोदेकरांना धनेश नवा नाही. कमाटीबागेत, शहरातल्या जुन्या वड-पिंपळांवर राखी धनेश दिसतो; आमचे गुजराती शेजारी त्याला चिलोत्रो म्हणतात. पण आपल्या या धनेशाच्या दुपटीहून थोराड, पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास भरणारा महाधनेश बघायचा तर दाट, उंच झाडांचं रान लागतं. पक्केला ते आहे, आणि एक नव्हे, चार जातींचे धनेश तिथे नांदतात.

राहायचं कुठे, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. एका सहल कंपनीने जो कार्यक्रम पाठवला त्यात 'आदिवासी नृत्याची संध्याकाळ' आणि 'पारंपरिक वेशात फोटो' असं लिहिलेलं होतं. आम्ही दोघींनी तो तिथेच बाजूला ठेवला. होळीनंतर गुजरातेतल्या कवांटला राठवा आदिवासींचा गेर मेळा भरतो. बडोद्याहून गाड्या भरभरून लोक जातात आणि नाचणाऱ्या बायकांच्या तोंडासमोर, न विचारता, कॅमेरे धरतात. त्यांचा तो सण असतो, आपल्यासाठी मांडलेला खेळ नव्हे. मला ते नेहमी खुपत आलं आहे. त्यामुळे इतक्या लांब जायचं तर कुणाच्या तरी घरी पाहुणं म्हणून जायचं, हे आमचं पक्कं होतं.

पक्केच्या भोवती प्रामुख्याने न्यिशी लोकांची गावं आहेत. अरुणाचलातली ही सगळ्यात मोठी जमात. या गावांच्या प्रमुखांनी मिळून 'घोरा आभे' नावाची संस्था उभी केली आणि शिकारीवर, झाडतोडीवर गावाचा दंड बसवला. प्रकल्पालगतच्या सेइजोसा भागात गावातल्या लोकांकडेच राहण्याची सोय होते. फोनवर बोलून आम्ही ती केली. रेंज येते-जाते, त्यामुळे एकदा फोन लागला की सगळं विचारून घ्यायचं: खोली, जेवण, वाटाड्या, गाडी. ताई शाकाहारी आहे, हेही तेव्हाच सांगून टाकलं.

मग परवाना. अरुणाचलात बाहेरच्या भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट लागतं. मुळात हा इंग्रजांच्या काळातला, १८७३ च्या कायद्यातला नियम. आमच्या ओळखीतल्या काहींना तो अपमानकारक वाटला: "आपल्याच देशात परवाना कसला?" मला तसं वाटत नाही. जमीन नि जंगल हातचं जाऊ नये म्हणून तिथल्या लोकांनाच तो हवा आहे, आणि त्यांच्या उंबऱ्यावर थांबून नाव सांगायला मला तरी काही कमीपणा वाटला नाही. अर्ज ऑनलाइन होतो. फोटो, ओळखपत्र, कुठे राहणार हे भरायचं, फी भरायची. परवान्याची छापील प्रत जवळ ठेवावी, नाक्यावर दाखवावी लागते. व्याघ्र प्रकल्पात शिरायची परवानगी वेगळी, ती तिथल्या वनकार्यालयातून मिळते.

हिवतापाचा प्रदेश असल्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेतला. बाकी सामान थोडंच: पूर्ण बाह्यांचे मातकट रंगाचे कपडे, जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे, दुर्बीण, पुरेशी रोकड. बडोद्याहून दिल्लीमार्गे गुवाहाटी, तिथून रस्त्याने ब्रह्मपुत्रेवरचा कोलिया भोमोरा पूल ओलांडून तेजपूर, आणि पुढे चहाच्या मळ्यांमधून सेइजोसा.

न्यिशींचं घर बांबूचं, जमिनीपासून उंच खांबांवर. आत मधोमध चूल, आणि चुलीवर टांगलेल्या बांबूच्या फळ्यांवर मांस, मासे धुरात वाळत असतात. पहिल्या संध्याकाळी ताई जरा अवघडून बसली होती. घरातल्या काकूंनी तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात उकडलेली पालेभाजी केली, पानात बांधून शिजवलेला भात दिला, आणि बांबूच्या कोंबांची आंबवून केलेली तिखट चटणी. ती चटणी ताईला एवढी आवडली की दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी बसून कोंब चिरायला शिकत होती. बोलणं सगळं हिंदीत. अरुणाचलात जमातीगणिक भाषा बदलते, त्यामुळे आपसांतही लोक हिंदी बोलतात. त्यांचं व्याकरण वेगळंच, पण गप्पांना काही अडत नव्हतं.

घरातल्या आजोबांची वेताची टोपी भिंतीला अडकवलेली होती. आम्ही तिच्याबद्दल काही विचारलं नाही. ओळख झाल्यावर त्यांनी आपणहून ती काढून दाखवली. न्यिशी पुरुषाच्या टोपीवर पुढे महाधनेशाची चोच बसवतात. आजोबांची चोच खरी होती, त्यांच्याही वडिलांच्या वेळची. मुलाच्या टोपीवर फायबरग्लासची. वनखातं आणि वन्यजीव संस्थांनी अशा नकली चोची गावोगाव दिल्या आणि लोकांनी त्या स्वीकारल्या. हे वाटतं तितकं सोपं नसणार. वाडवडिलांच्या मानाची वस्तू बदलायला मन मोठं लागतं, आणि त्याचं श्रेय देताना आपण शहरातले लोक नेहमी हात आखडता घेतो.

त्यांचा मुलगा घरट्यांचा राखणदार आहे. घोरा आभे, नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही वन्यजीव संस्था आणि वनखातं यांनी २०११-१२ च्या सुमारास धनेशांची घरटी दत्तक देण्याची योजना सुरू केली. शहरातले लोक एका घरट्यासाठी पैसे देतात, आणि त्यातून गावातल्या राखणदारांना पगार मिळतो. प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या रानात असलेल्या घरट्यांवर हे लोक लक्ष ठेवतात. डॉ. अपराजिता दत्ता यांनी या भागातल्या धनेशांवर केलेलं दीर्घ संशोधन या कामाच्या मुळाशी आहे. राखणदारांमध्ये पूर्वीचे शिकारीही आहेत. कुठलं फळ कधी पिकतं, पक्षी कुठून येतो, हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं.

घरट्यावर पहाटे अंधारात निघालो. राखणदार पुढे, आम्ही मागे, बोलायचं नाही. वाटेत हत्तीची ताजी लीद दिसली तसा तो थांबला, कान देऊन ऐकलं आणि आम्हाला दुसऱ्या अंगाने नेलं. अशा रानात प्राणी गीरसारखे समोर येत नाहीत. पानांची भिंतच असते. काळी मोठी शेकरू आणि टोपीवाली वानरं मला दिसली ती केवळ त्याने बोट दाखवलं म्हणून.

घरटं सरळसोट, उंचच उंच झाडाच्या ढोलीत होतं. लांब, झुडपाआड बसलो. मादी आत गेली की ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. याच काळात तिची उडायची पिसं गळतात. म्हणजे कित्येक आठवडे ती, आणि नंतर पिल्लूही, नराच्या आणलेल्या घासावर जगतं. बंदुकीची एक गोळी नराला लागली तर ढोलीतलं कुटुंबही संपण्याची भीती असते. राखणदार हळू आवाजात एवढंच म्हणाला, "पहले हम लोग को ये मालूम था, लेकिन सोचता नहीं था."

नर येण्याआधी त्याचे पंख ऐकू आले, दम टाकत येणाऱ्या वाफेच्या इंजिनासारखे. तो बुंध्याला बिलगून बसला आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढून फटीतून देऊ लागला. आतून पिवळी चोच येई, फळ घेई, परत आत. ताईने माझा हात घट्ट धरला होता. राखणदाराने वहीत वेळ आणि फळं लिहिली. मग फटीतून आतून काही बिया बाहेर पडल्या. झाडाखाली अशाच बियांतून रोपं वर आलेली त्याने दाखवली. मोठ्या बियांची कितीतरी झाडं रानभर पसरतात ती या पक्ष्यांमुळे.

परतल्यावर आम्ही दोघींनी मिळून एक घरटं दत्तक घेतलं. हंगामात घरट्याची खबर कळवतात. कुणाला जायचं असेल तर परवान्याची नि राहण्याची तजवीज निदान महिनाभर आधी करा, वाटाड्याचे नि राहण्याचे पैसे थेट त्या-त्या माणसांच्या हातात द्या, आणि वेळ हाताशी ठेवून जा. आमचा एक अख्खा दिवस पावसात गेला. तो आम्ही चुलीपाशी बसून काढला, आणि नर दिवसातून किती वेळा येतो, कुठल्या झाडांची फळं आणतो, हे त्या राखणदाराच्या वहीतून समजून घेतलं.