ब्रिएंझच्या तळ्याकाठचे भाड्याचे घर

स्वित्झर्लंडमधील ब्रिएंझ गावात, तळ्यापासून पाच मिनिटांच्या चढावर, आम्ही चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या लाकडी घरातला आजचा पहिला दिवस. घरमालकीणबाईंनी किल्ली हाती देण्यापूर्वी कचऱ्याची वर्गवारी इतक्या बारकाईने समजावली, की तळ्याकडे पाहायलाही उसंत मिळाली नाही. रिकाम्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण काचेच्या खळखळाटाने शेजाऱ्यांची शांतता भंगते, हे मात्र मला मनापासून पटले.

‘पाण्यात रंग मिसळला आहे का?’ असे लेकीने विचारले. एका अर्थी मिसळलेलाच आहे, कारण हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे पिठासारखे कण पाण्यात तरंगत राहून प्रकाश विखुरतात आणि त्यामुळे सुमारे २६० मीटर खोल असलेले हे तळे उन्हात मोरपंखी दिसते.

संध्याकाळी पोह्यांना फोडणी देताना, धुराचा अलार्म वाजेल या धास्तीने मी मागची खिडकी उघडली, तर १८९२ साली सुरू झालेल्या रोटहॉर्नच्या डोंगरी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची शिट्टी आत आली. हिंगाचा वास सकाळपर्यंत गेला नाही तर मालकीणबाईंना काय सांगायचे, यावर सध्या घरात गंभीर चर्चा चालू आहे.