वंशावळ अडली की आडवे जावे

बडोद्यातील मराठी कुटुंबांत घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या बहुतेकांची वाट साधारण एकाच ठिकाणी अडते. वडील, आजोबा आणि पणजोबा यांची नावे घरात पाठ असतात, कारण श्राद्धाच्या संकल्पात तीन पिढ्यांचा उच्चार करावा लागतो. त्यापलीकडचे एखादे नाव जुन्या जन्मपत्रिकेत सापडते आणि मग "आपले पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आले" एवढे एकच वाक्य हाती उरते. दांडिया बाजारातील आमच्या घरातही हे वाक्य पिढ्यान् पिढ्या सांगितले जात होते आणि पणजोबांच्या आजोबांपाशी आमची वंशावळ थांबलेली होती. या शोधात काही वर्षे घालवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की वंशावळ सरळ वर जात असली तरी तिचे पुरावे आडवे पसरलेले असतात. ते भावांच्या घरी, सासरी गेलेल्या लेकींच्या पेट्यांत, तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आणि वारसाहक्काच्या जुन्या अर्जांत असतात. वाट अडल्यावर त्याच नावामागे आणखी वर जाण्याचा हट्ट धरण्यापेक्षा त्या पिढीची सगळी माणसे गोळा करणे अधिक फलदायी ठरते.

फौजेबरोबर आल्याचे ते वाक्य आधी तपासून घ्यावे. 1734 मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांच्या ताब्यात आले आणि त्यानंतर सरदार, शिलेदार, कारकून आणि भिक्षुक यांची घराणी येथे स्थिरावली, हे खरे आहे. परंतु 1881 मध्ये तिसऱ्या सयाजीरावांनी राज्यकारभार हाती घेतल्यानंतर शिक्षक, वकील, इंजिनिअर आणि डॉक्टर अशी कितीतरी कुटुंबे देशावरून व कोकणातून नोकरीसाठी आली, आणि 1890 मध्ये कलाभवन सुरू झाल्यावर शिकण्यासाठी आलेले कित्येक तरुण येथेच राहिले. दोन-तीन पिढ्यांनंतर या दुसऱ्या लाटेतील कुटुंबेही पहिल्या लाटेची आठवण आपली म्हणून सांगू लागतात. पूर्वज कोणत्या लाटेत आला हे ठरल्याशिवाय कोणते दफ्तर पाहायचे हेच ठरत नाही. पहिल्या लाटेतील माणूस गायकवाडी दफ्तरातील मोडी कागदांत किंवा पुण्याच्या पेशवे दफ्तरात सापडण्याची शक्यता असते, तर दुसऱ्या लाटेतील माणसासाठी शाळेचे दाखले, नोकरीचे कागद आणि संस्थानच्या 'आज्ञापत्रिके'तील, म्हणजे सरकारी राजपत्रातील, नेमणुका पाहाव्या लागतात. जनगणनेच्या छापील अहवालांवर मात्र अनेक जण उगीच वेळ खर्च करतात, कारण त्यांत आकडे असतात, माणसांची नावे नसतात.

दुसरा अडसर नावांचा आहे. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देण्याच्या आपल्या पद्धतीमुळे रामचंद्राचा विनायक, विनायकाचा रामचंद्र आणि पुन्हा रामचंद्राचा विनायक अशी साखळी तयार होते, आणि कागदावर 'विनायक रामचंद्र' दिसला तर तो आजोबा की नातू हे त्या एका कागदावरून सांगता येत नाही. मध्ये पन्नास-साठ वर्षांचे अंतर असलेली दोन माणसे एकच समजली गेली की दोन पिढ्या गळतात आणि पुढचे सगळे गणित कोलमडते. अशा वेळी पत्नीचे नाव, धाकट्या भावांची नावे, हुद्दा आणि घराचे ठिकाण ही चार अंगे प्रत्येक कागदातून टिपून ठेवावीत. भावांची नावे सहसा पिढीगणिक बदलतात, म्हणून दोन सारख्या नावांच्या माणसांना वेगळे करण्याचे काम बहुधा धाकटा भाऊच करतो.

सनावळीचा घोळ तर बडोद्यात दुप्पट असतो, कारण घरातल्या मराठी कागदांवर शके असतो आणि शेजारच्या गुजराती कागदांवर विक्रम संवत असतो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 मिळवावे लागतात. गुजरातचा संवत कार्तिकात सुरू होतो आणि उत्तर हिंदुस्थानचा चैत्रात, त्यामुळे चैत्र ते आश्विन या काळात दोहोंत एका वर्षाचा फरक पडतो. गुजरातमध्ये अजूनही ज्याची आठवण निघते तो संवत 1956 चा छप्पनियो दुष्काळ घेतला, तर ते वर्ष 1899 च्या दिवाळीपासून 1900 च्या दिवाळीपर्यंतचे होते. अठराव्या शतकातील मोडी कागदांवर याहून वेगळा, मृगाच्या सुमारास सुरू होणारा शुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे 1177, त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे 600 मिळवले की 1776-77 हे वर्ष मिळते. मृत्यू आधी आणि दत्तकपत्र नंतर, असे विचित्र क्रम अनेकदा निव्वळ या हिशेबाने सरळ होतात.

आमचा शोध पुढे सरकला तो एका आहेराच्या यादीमुळे. पणजोबांच्या बहिणीच्या सासरी, म्हणजे आमच्या आडनावाशी काहीही संबंध नसलेल्या घरात, शके 1817 मधील एका मुंजीची यादी जपून ठेवलेली होती. कोणी धोतरजोडी दिली, कोणी खण आणि नारळ दिला, कोणाला परत काय द्यायचे, असा तो सारा व्यवहार होता, आणि व्यवहार असल्यामुळेच तो काटेकोर होता: प्रत्येक नावापुढे नाते आणि गाव लिहिलेले होते. त्यात पणजोबांच्या बहिणीच्या माहेरच्या माणसांत एक वेगळ्याच आडनावाचे गृहस्थ होते आणि त्यांच्यापुढे 'आजोबांचे जनक घराणे, वाई' असे शब्द होते. पणजोबांचे आजोबा दत्तक आलेले होते. बडोद्याच्या दफ्तरात आमच्या आडनावाखाली त्यांचा जन्म किंवा मुंज शोधत राहिलो असतो तर काहीच मिळाले नसते, कारण त्यांचे बालपण दुसऱ्या आडनावाचे होते. जुन्या घरांतील याद्या रद्दीत जाताना मला फार वाईट वाटते, कारण एखाद्या घरच्या सगळ्या सोयऱ्यांची नावे नाते आणि गावासह एका ठिकाणी उतरवून ठेवणारा इतका प्रामाणिक कागद दुसरा क्वचितच असतो.

वाई हे गाव मिळाल्यावर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे जाण्याला अर्थ आला. बडोद्याहून जाणारे लोक तेथे गाव विचारल्यावर सहज 'बडोदे' असे सांगतात आणि नोंद नाही म्हणून परत येतात. चोपड्यांची मांडणी आडनाव आणि मूळ गाव यांवर असते, म्हणून घराणे बडोद्यात कितीही काळ राहिलेले असले तरी जुनी नोंद मूळ गावाखाली असण्याचाच संभव अधिक. आमची नोंद जनक घराण्याच्या आडनावाखाली सापडली. तिच्यात यात्रेला आलेल्या भावांची, पुतण्यांची आणि बरोबरच्या स्त्रियांची नावे होती आणि खाली एका पूर्वजाच्या हातची मोडी सही होती. ती सही पाहताना मला काय वाटले ते शब्दांत मांडणे अवघड आहे. ज्यांचे नावही घरात कोणाला ठाऊक नव्हते त्यांचे अक्षर समोर होते.

येथे मोडीचा आग्रह धरावासा वाटतो. दुसऱ्याकडून वाचून घेतलेला कागद मजकुरापुरता कळतो, पण शोधणाऱ्याला हवे असलेले नाव बहुधा मजकुराच्या कडेला, साक्षीदारांत किंवा शेऱ्यात असते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिलेले असतात, म्हणून सुरुवात कठीण जाते. परंतु 'बिन' म्हणजे अमुकाचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमुकाची पत्नी, असे ठरावीक शब्द डोळ्यांत बसले की नाती आपोआप वेगळी पडू लागतात.

सर्वांत कठीण वाट स्त्रियांची आहे. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलल्यामुळे पणजीचे माहेर दोन पिढ्यांत पुसले जाते. तिच्यासाठी मी तिच्या मुलांची आजोळे शोधतो. श्राद्धाच्या संकल्पात मातामहांच्याही तीन पिढ्या येतात आणि ज्या घरांत तो संकल्प कोणी लिहून ठेवला आहे तेथे माहेरचे गोत्रही मिळते. घराच्या किंवा जमिनीच्या वारसाहक्कासाठी तलाठ्याकडे दिलेल्या जुन्या पेढीनाम्यात, म्हणजे वारसांच्या वंशावळीत, मुलींची नावे असतील तर त्यांच्या सासरांवरून पुढे जाता येते. दुष्काळ, प्लेग आणि 1918 चा इन्फ्लुएन्झा यांत आईवडील गेलेली मुले पुष्कळदा मामाकडे वाढली, त्यामुळे वडिलांच्या गावी अचानक नाहीसा झालेला मुलगा मामाच्या गावच्या शाळेत सापडू शकतो.

सध्या मी वंशावळीतील प्रत्येक नावापुढे ते कागदावरून आले, ऐकीव आहे की अनुमान आहे, हे तीन वेगळ्या शाईंनी लिहितो. वाईच्या घराण्यातून बडोद्याला दत्तक येण्याआधी दोन्ही घरांत काही नाते होते का, हा प्रश्न अजून अनुमानाच्या शाईतच आहे. त्यासाठी दत्तक घेणाऱ्या आजींचे माहेर शोधावे लागेल, आणि त्यांच्या धाकट्या जावेच्या वंशजांना मी नुकतेच पत्र पाठवले आहे.