अल्झायमरच्या लॅबमध्ये यादीत नाव चढेपर्यंत

अल्झायमरवर काम करणाऱ्या ब्रेन इमेजिंग लॅबमध्ये विद्यार्थी म्हणून बिनपगारी काम मिळवणं मला अवघड गेलं नाही. ईमेल, छोटीशी मुलाखत, होकार. खरा खोळंबा त्यानंतर झाला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

एथिक्स कमिटीच्या मंजूर यादीत नाव असल्याशिवाय सहभागींचा एकही स्कॅन उघडता येत नाही. ऑनलाइन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, गोपनीयतेचा करार, बायोडेटा, मार्गदर्शकांची सही, सगळं मी वेळेत दिलं. तरी अर्ज परत आला. बायोडेट्यावर सही आणि तारीख हवी होती, जे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते करून दिलं, तर फॉर्मची आवृत्ती जुनी निघाली. नवा फॉर्म भरला, तोवर कमिटीची बैठक होऊन गेली होती. हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर सांगता आलं असतं. विचारायला गेलं की "प्रक्रियेत आहे", एवढंच उत्तर. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. डोक्याच्या एमआरआयवरून माणसाचा चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणूनच स्कॅन बाहेर देण्याआधी त्यातला चेहरा पुसतात. असा डेटा कुणाच्या हाती जातोय हे तपासायलाच हवं. पण तपासायचं म्हणून कुणाला ताटकळत ठेवायचं कशाला? होकार मिळेल त्याच दिवशी बैठकीची तारीख विचारून घ्या.

त्या काळात मी ओएसिसचे, म्हणजे संशोधनासाठी खुल्या असलेल्या मेंदूच्या स्कॅनच्या संग्रहातले, स्कॅन घेऊन फ्रीसर्फर शिकले. हे एमआरआयवरून मेंदूचे भाग वेगळे करून मोजणारं सॉफ्टवेअर. ओएसिसच्या पहिल्या संचात १८ ते ९६ वयाच्या ४१६ जणांचे एमआरआय आहेत. फ्रीसर्फरला एका मेंदूसाठी कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवायचं आणि सकाळी एकेक काप तपासायचा. मेंदूवरचं आवरण चुकून कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, धरलं गेलंय का, ते आधी बघा. हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी जोडलेला भाग, कुठे संपतो आणि त्याला लागून असलेला अमिग्डाला कुठे सुरू होतो, हे एकाच बाजूने बघून कळत नाही, तिन्ही दिशांचे काप लागतात. फ्रीसर्फर चालवायला लागणाऱ्या लिनक्सच्या कमांड आधीच शिकून ठेवा, हे सांगायचं राहिलं.

नाव चढल्यावर पहिला स्कॅन उघडला. हिप्पोकॅम्पस आक्रसलेला, शेजारची पोकळी रुंदावलेली. इतका सराव केलेला असल्यामुळे ते लगेच ओळखता आलं, आणि मला फार अभिमान वाटला. मात्र असं आक्रसणं अल्झायमरसारखंच इतर आजारांतही दिसतं, त्यामुळे जोडीला अमायलॉइड पेट स्कॅन, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड प्रथिन दाखवणारा स्कॅन, असेल तर तोही बघायला मागा.

सहभागींना एमआरआयला नेताना पेसमेकर, ऑपरेशनमध्ये बसवलेली क्लिप, शरीरातला कुठलाही धातू, हे प्रश्न सोबतच्या नातेवाइकालाही विचारा. जुनं ऑपरेशन सहभागीला आठवेलच असं नाही.